फुलं यायच्या आधीची कामं: आपल्या वृक्षउद्यानासाठी तयारीची यादी

सगळ्यांनी मिळून जपायचं वृक्षउद्यान आहे आणि त्यात वसंतात फुलणारी झाडं लावायची ठरलीत, खूप छान, पण रोपं आणायच्या आधी हे सगळं एकदा वाचून घ्या, कारण एखादं झाड फुललेलं दिसतं जेमतेम आठ-पंधरा दिवस आणि त्याची कामं वर्षभर चालतात.

आधी आपली हवा बघा. चेरी, क्रॅबअ‍ॅपल (छोट्या फळांचं शोभेचं सफरचंद) यांना हिवाळ्यात पुरेशी थंडी लागते, ती मिळाली नाही तर कळ्या धड उमलत नाहीत, मग कितीही खत घाला. हिवाळा कोमट असेल तर फोटो बघून चेरीचा हट्ट धरू नका, पळस, पांगारा, काटेसावर, बहावा लावा. पानं गळून गेलेल्या फांद्यांवर पेटलेला पळस कुठल्याही चेरीच्या तोडीस तोड आहे, हे मी मनापासून सांगते.

मग कागदावर बहराचा क्रम मांडा, म्हणजे एक झाड सरलं की दुसरं सुरू झालं पाहिजे. थंड हवेत साधारण स्टार मॅग्नोलिया आधी, मग चेरी आणि रेडबड, मग क्रॅबअ‍ॅपल आणि डॉगवुड. गरम हवेत सावर, पांगारा, पळस मागेपुढे फुलतात आणि बहावा नंतर, ऊन चांगलं तापल्यावर. स्टार मॅग्नोलिया लवकर फुलतो म्हणून सखल जागी नको, तिथे थंड हवा साचते आणि उशिराचं दव गोठलं की पांढरीशुभ्र फुलं एका रात्रीत तपकिरी होतात. काटेसावरीच्या खोडाला काटे असतात, तिला मुलांच्या वाटेपासून लांब ठेवा.

यादी झाली की कुळं मोजा, हे बरेच जण विसरतात. फ्रँक सांतामूर या अमेरिकी वृक्षतज्ज्ञांनी १९९० मध्ये साधा हिशोब दिला होता, एका जातीची झाडं १० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) २० आणि एका कुळाची ३०, म्हणजे एखादी कीड किंवा रोग आला तर सगळं एकदम जाणार नाही. आता गंमत बघा, चेरी आणि क्रॅबअ‍ॅपल दोन्ही गुलाबाच्या कुळातले, आणि पळस, पांगारा, बहावा, रेडबड सगळे शेंगांच्या कुळातले! त्यामुळे नावं चार दिसली तरी विविधता तेवढी नसते. आणि कॅलेरी पेअर (शोभेचं नासपतीचं झाड) फुकट मिळालं तरी घेऊ नका, फांद्या वादळात फाटतात आणि उत्तर अमेरिकेत ते बागेतून निसटून रानभर पसरलंय.

लावायच्या दिवशी टिकाव, फावडं, घमेली, पाण्याची सोय, आणि घाई नको. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दोन-तीन पट रुंद पण गड्ड्याएवढाच खोल, त्याहून खोल अजिबात नाही. बुंधा जिथे पसरून मुळांना मिळतो तो भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे, आम्ही एकदा झाडं खोल पुरली होती आणि पुढची दोन वर्षं ती नुसती कुढत राहिली, फार वाईट वाटलं. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं कापून मोकळी करा. मॅग्नोलियाची मुळं मांसल असतात, हलवलेलं त्याला सोसत नाही, तेव्हा त्याची जागा आधी पक्की करा. वर पालापाचोळ्याचं पाच ते दहा सेंटिमीटर आच्छादन द्या, खोडाला न चिकटवता. आधाराची काठी वर्षभराने काढायची, तारीख आत्ताच लिहून ठेवा.

पुढे पाणी कोण घालणार हे नावानिशी ठरवा, पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात सोडायचं नाही. छाटणी बहर संपल्यावर लगेच, कारण चेरी, मॅग्नोलिया, रेडबड पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या हंगामातच धरतात आणि हिवाळ्यात फांदी कापली की फुलंच कापली जातात. कलमाच्या जोडाखालून आलेले फुटवे दिसले की काढा.

पाटीवर मराठी नाव, शास्त्रीय नाव, लावल्याचं वर्ष. पाटी तारेने घट्ट बांधू नका, खोड जाड होतं आणि तार सालीत रुतते, जमिनीत खुंटी ठोकून लावलेली बरी. आणि एक वही, तिच्यात दरवर्षी प्रत्येक झाडाचं पहिलं फूल कधी आलं, निम्मं झाड कधी फुललं आणि गळ कधी सुरू झाली एवढंच लिहायचं, पेन्सिलनं लिहा म्हणजे पावसात फिसकटणार नाही.