त्वचेचा कॅन्सर वेळेत ओळखायचा तर या चुका टाळा

आपल्याकडे त्वचेचा कॅन्सर कमी आढळतो, हे खरं आहे. गव्हाळ-सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून बऱ्यापैकी राखतं. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे गेला तरी आपल्या कातडीला युरोपातल्या माणसाइतका धोका नसतो. पण याच भरवशावर आजार उशिरा हाती लागतो. डाग किंवा जखम घरात सगळ्यांना दिसलेली असते. कुणी तिच्यावर ट्यूब चोळतं, कुणी चुना लावतं, कुणी कुरूप समजून ब्लेडने तासतं. त्यात सहा-आठ महिने सहज जातात. खालच्या बहुतेक चुका या मधल्या काळातल्या आहेत.

फक्त उन्हाची जागा पाहणं

इंटरनेटवरचे फोटो बहुतेक गोऱ्या पाठीवरच्या तिळांचे असतात. ते पाहून लोक चेहरा आणि हात तपासतात आणि निश्चिंत होतात. आपल्या लोकांमध्ये मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा सर्वांत घातक कॅन्सर, बऱ्याचदा तळपाय, तळहात आणि नखाखाली येतो. या जागांचा उन्हाशी संबंध नाही, त्यामुळे सनस्क्रीन इथे काही करत नाही.

महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, खिडकीजवळच्या उजेडात पाहा. तळपाय आधी साबणाने घासून घ्या. शेतात किंवा अनवाणी वावरणाऱ्याच्या भेगांमधली काळी माती डागासारखी दिसते आणि खरा डाग तिच्यात लपतो. बोटांच्या बेचक्या, टाचेची मागची बाजू, कानामागे, डोक्यात केस बाजूला करून, कंबरेची पट्टी असं सगळं पाहा. पाठ घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. मेंदी, आळता किंवा नेलपॉलिश असेल तर ते उतरल्यावरच पाहणीला अर्थ आहे. आरशासमोर आहातच तर तोंड उघडून गालाची आतली बाजूही पाहा. तो वेगळा कॅन्सर, पण खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, या नागपुरात ती सवय असलेली बरी.

तिळात काय पाहायचं? दोन्ही अर्धे सारखे नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, एकाच तिळात दोन-तीन रंग, ६ मिलिमीटरपेक्षा जास्त रुंदी, आणि बदल. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार. वीस वर्षं जसाच्या तसा असलेला मोठा तीळ सहसा निरुपद्रवी असतो, तीन महिन्यांत रूप बदललेला छोटासुद्धा दाखवायला हवा. बहुतेक मेलॅनोमा जुन्या तिळातून उगवत नाहीत, कोऱ्या कातडीवर नव्याने येतात. म्हणून चाळिशीनंतर आलेला नवा काळा डाग, किंवा अंगावरच्या बाकीच्या तिळांहून वेगळा दिसणारा एखादाच तीळ, हा दाखवण्याचा विषय आहे. आणि सगळेच मेलॅनोमा काळे नसतात. घट्ट, उंचावलेली आणि आठवड्या-आठवड्याला वाढणारी गुलाबी गाठही तोच आजार असू शकते.

गालांवर वयानुसार येणारे बारीक काळे दाणे आणि म्हातारपणी पाठीवर चिकटवल्यासारखे दिसणारे खरखरीत तपकिरी डाग बहुतेक साधेच असतात. ते पाहून घाबरायला नको.

आठवणीवर विसंबणं

"आधीपासून एवढाच होता" हे वाक्य ओपीडीत रोज ऐकू येतं आणि त्यावरून काहीच ठरत नाही. फोटो काढा: डागाशेजारी मिलिमीटरच्या खुणांची फूटपट्टी, दिवसाचा उजेड, फ्लॅश बंद. एक फोटो जवळून आणि एक लांबून, म्हणजे अंगावरची नेमकी जागा कळेल. चार ते सहा आठवड्यांनी तसाच पुन्हा. मात्र डाग रक्ताळत असेल, पाझरत असेल किंवा डोळ्यांदेखत वाढत असेल तर दुसऱ्या फोटोची वाट पाहू नका. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकून मत घेणं तर नकोच. तिथे कुणीतरी हमखास "काही नाही, माझ्या मावसभावालाही होतं" म्हणतं आणि गाडी तिथेच थांबते.

नखातली काळी रेघ म्हणजे मार किंवा फंगस

सावळ्या माणसांत अनेक नखांवर फिकट तपकिरी रेघा असू शकतात. वयाने, काही औषधांनी किंवा बी-१२ कमी झाल्यानेही त्या येतात. शंका घ्यायची ती एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याला, मोठेपणी नव्याने आलेल्या रेघेची. ती ३ मिलिमीटरहून रुंद असेल, मुळाकडे जास्त रुंद होत असेल किंवा तिच्यात वेगवेगळ्या छटा असतील तर शंका वाढते. रेघेचा काळेपणा नखाच्या मुळाशी किंवा कडेच्या कातडीवर उतरला असेल तर थांबूच नका.

रक्त साकळलंय की रेघ आहे, हे घरीही बऱ्यापैकी कळतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं जेमतेम निम्म्याने. मार लागून साकळलेला डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि त्याच्या मागे, मुळाकडे, स्वच्छ नख दिसू लागतं. नखाच्या मुळापासून डागापर्यंतचं अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा. सहा ते आठ आठवड्यांत ते वाढलं नाही, तर मार लागल्याची गोष्ट बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

फंगसच्या गोळ्या सुरू करण्याआधी नखाचा तुकडा तपासून खरंच फंगस आहे का, हे विचारा. न तपासता महिनोन्महिने गोळ्या खाणारे खूप आहेत. पण कापलेल्या टोकाच्या या तपासणीवरून मेलॅनोमा नाही असं ठरत नाही. त्यासाठी नखाच्या मुळातून बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी छोटा तुकडा, घ्यावी लागते.

कुरूप समजून कापत राहणं

कुरूप दाबाच्या जागी येतं, पिवळसर असतं, मध्ये कडक खिळा असतो, तासलं की आराम पडतो. तळपायावरची गाठ काळपट असेल, तासल्यावर रक्त येत असेल, ओलसर राहत असेल किंवा कॉर्न कॅपच्या दोन-तीन पट्ट्यांनंतरही वाढत असेल, तर ते कुरूप नाही असं धरून चाला. मधुमेही आणि कुष्ठरोगातून बरे झालेल्या लोकांच्या पायाला संवेदना कमी असते, त्यामुळे दुखत नाही. तिथल्या जुन्या व्रणातही कॅन्सर होऊ शकतो. दुखणं हा निकष धरायचाच नाही. या आजाराची सुरुवात बहुतेकदा न दुखणारीच असते.

जुन्या भाजल्याच्या डागावरची जखम आणि कंबरेचा नाडा

हा भाग विदर्भातल्या घरांसाठी मुद्दाम सविस्तर.

स्टोव्हने किंवा चुलीने भाजलेल्याचा व्रण वीस-तीस वर्षं शांत असतो. मग एक दिवस तो फुटतो, थोडा भरतो, पुन्हा फुटतो. ही जखम भरून येत नसेल, कडा जाड होऊन उलटल्या असतील, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मांस वर आलं असेल, घाण वास येत असेल, तर हा स्क्वॅमस सेल कॅन्सर, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर, असू शकतो. अशा जखमेला मार्जोलिन व्रण म्हणतात. महिनोन्महिने नुसतं ड्रेसिंग करत राहणं ही इथली सर्वांत महागडी चूक.

कंबरेचंही तसंच. धोतराच्या काचण्याने होणाऱ्या कॅन्सरची नोंद डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच केली होती. २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी घट्ट बांधलेल्या परकराच्या नाड्याने आणि लुगड्याने कंबरेवर झालेल्या कॅन्सरचे दोन रुग्ण जगासमोर मांडले. एकीची जखम दीड वर्ष भरली नव्हती, दुसरीची दोन वर्षं. नाडा रोज त्याच रेषेवर, घट्ट, त्यात घाम आणि धूळ. आधी कातडी काळी-जाड होते, मग सोलते, मग चिघळते. म्हणून आईच्या-आजीच्या कंबरेला नुसता काळा वळ असेल तेव्हाच बारीक नाड्याऐवजी रुंद पट्टी लावा, बांधण्याची जागा वर-खाली बदला, घरात सैल कपडे घालू द्या. आणि जखम असेल तर बघा. बायका ती पदराखाली झाकून कामाला लागतात, विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

कंबर असो वा पाय, हिशेब एकच ठेवा: कुठलीही जखम चार आठवड्यांत भरत नसेल तर ती डॉक्टरला दाखवायची.

छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातून उपचारांना नागपूरला येणाऱ्यांनी एक जास्तीची गोष्ट पाहावी. तिथल्या काही गावांच्या भूजलात आर्सेनिक आहे. वर्षानुवर्षं ते पाणी प्यायल्याने तळहात-तळपायांवर कडक दाणे आणि अंगावर पावसाच्या थेंबांसारखे फिकट-गडद ठिपके येतात. अशा त्वचेवर कॅन्सर होण्याची शक्यता जास्त. कुठल्या गावात, कुठल्या बोअरचं पाणी किती वर्षं प्यायलो, हे डॉक्टरला सांगा.

चुना-सोडा, घोड्याचा केस, पार्लरमधला लेझर

चामखीळ समजून चुना आणि सोड्याने जाळणं, केसाने किंवा दोऱ्याने आवळणं, ब्युटी क्लिनिकमध्ये "तीळ काढून" घेणं, या सगळ्यांत तोटा एकच. वरचं दिसणारं जातं, खालचं राहतं, आणि तपासायला तुकडा उरत नाही. पुढे तिथेच पुन्हा उगवलं की जाळलेल्या व्रणामुळे डॉक्टरलाही रूप ओळखता येत नाही.

नाकावर, पापणीखाली किंवा गालावर चकचकीत, मोत्यासारख्या कडेचा काळपट दाणा असेल, तोंड धुताना रक्ताळत असेल, खपली धरून पुन्हा फुटत असेल, तर बेसल सेल कॅन्सरचा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराच्या तळातल्या पेशींच्या कॅन्सरचा, विचार करावा लागतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा काळा असतो, म्हणून त्याला तीळ समजतात. तो सहसा दूर पसरत नाही. मात्र जागच्या जागी कुरतडत जातो, आणि डोळ्याजवळ असेल तर तेवढंही भारी पडतं.

औषध दुकानातून आणलेल्या ट्यूबचीही तीच गत. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि फंगसचं औषध एकत्र असलेल्या मलमाने लाली आणि खाज कमी होते, बरं वाटतं, आजार मात्र आत वाढत राहतो. गजकर्ण म्हणून लावलेल्या मलमाने एकच लाल खवल्यांचा चट्टा दोन महिन्यांत गेला नाही तर ट्यूब बदलू नका, डॉक्टर बदला.

बायोप्सीला नकार

"चाकू लागला की पसरतो" ही समजूत अजून घट्ट आहे. ती रुजते कशी तेही कळण्यासारखं आहे: माणूस आजार आधीच पसरलेला असताना येतो, बायोप्सी होते, महिन्याभरात गाठी दिसतात आणि दोष सुईला जातो. त्वचेच्या बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. रक्ताच्या तपासणीने मात्र त्वचेचा कॅन्सर कळत नाही, त्यामुळे सीबीसी नॉर्मल आला म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका.

पंच बायोप्सीत जागा बधिर करून ३ ते ४ मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात, एक-दोन टाके पडतात, अर्ध्या तासात मोकळे. मेलॅनोमाची शंका असेल तर शक्यतो अख्खा डाग थोड्या कडेसह काढतात, कारण पुढचा उपचार त्याच्या जाडीवर ठरतो. १ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर बहुतेकदा जागा पुरेशा कडेसह पुन्हा कापून काढण्यावर भागतं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. टाक्यांवर हळद भरू नका. रक्त आलं तर स्वच्छ गॉज पंधरा मिनिटं न उचलता दाबून धरा. चेहऱ्यावरचे टाके साधारण ५ ते ७ दिवसांनी काढतात, पाठीचे-पायाचे १० ते १४ दिवसांनी.

आता एक बारीक गोष्ट, जिथे चांगले चांगले घसरतात. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या छोट्या दवाखान्यांत तुकड्याची बाटली बऱ्याचदा नातेवाइकाच्या हातात देतात आणि लॅबमध्ये नेऊन द्या म्हणतात. बाटली घेताना तीन गोष्टी पाहा. लेबल झाकणावर नको, बाटलीवर हवं. त्यावर नाव, तारीख, शरीराची जागा आणि डावी-उजवी बाजू लिहिलेली हवी. आत फॉर्मॅलिन, म्हणजे तुकडा टिकवणारं द्रव, हवं, तेही तुकडा पूर्ण बुडून वर भरपूर उरेल इतकं. अंदाज तुकड्याच्या दहापट. पाण्यात, सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये तुकडा खराब होतो. घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवू नका, त्याच दिवशी पोहोचवा. सोबतच्या फॉर्मवर डाग किती दिवसांचा आणि शंका कसली, हे डॉक्टरने लिहिलंय का तेही पाहा. शरीरावरून काढलेला कुठलाही तीळ किंवा गाठ "साधीच दिसते" म्हणून टाकून देऊ नका, तपासायला पाठवायचा आग्रह धरा.

कुठे जायचं, काय न्यायचं

सुरुवात त्वचारोगतज्ज्ञापासून. "स्किन क्लिनिक"च्या पाटीवर न भुलता डॉक्टरची त्वचारोगातली पदवी पाहा. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स इथे त्वचारोग विभाग आहेत. निदान झालं की तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल किंवा जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट हे पुढचे टप्पे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मानमध्ये बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) ऑपरेशनच्या आधी विचारा, कारण मंजुरी आधी लागते.

जाताना नेलपॉलिश काढून, डागावर काही न लावता जा. लावलेल्या ट्यूबची पेटी आणि फोटो सोबत न्या. जांघ, काख आणि मानही तपासून घ्या. पायावर डाग आणि जांघेत अवधाण (सुजलेली गाठ), असं दोन्ही असेल तर ते आपणहून सांगा.

"निगेटिव्ह" आला म्हणून फाइल बंद करणं

मोठ्या जखमेच्या मधोमध बहुतेक मेलेलं मांस आणि पू असतो. तिथला तुकडा घेतला तर रिपोर्टमध्ये फक्त "सूज" येते. कॅन्सर बऱ्याचदा उचललेल्या कडेला असतो, म्हणून अशा जखमेतून दोन-तीन ठिकाणांचे, कडेसकट तुकडे घ्यावे लागतात. रिपोर्ट साधा आला आणि जखम तरीही वाढत राहिली, तर पुन्हा बायोप्सी मागायला संकोच करू नका. पहिल्या वेळचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड लॅबकडून मागून घ्या. दुसऱ्या रुग्णालयातला पॅथॉलॉजिस्ट तेच पुन्हा पाहू शकतो, नुसत्या कागदी रिपोर्टवरून त्याला फारसं काही सांगता येत नाही.