टेबल टेनिस: सर्व्हिस हातातूनच मारताय? या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी सकाळी टीटीच्या टेबलाभोवती खेळ कमी आणि वकिली जास्त चालते. ‘काका, नेट लागला, परत!’ ‘अरे नेट कसला, सरळ गेला!’ वर्षानुवर्षं हे ऐकून माझं मत झालंय की यातली निम्मी भांडणं सर्व्हिसपाशी सुरू होतात. आपण गल्लीतले नियम खरे समजून खेळतो, आणि पहिल्या स्पर्धेत अंपायरने हात वर केला की गोंधळतो.

सर्व्हिस

सर्वांत मोठी चूक म्हणजे बॉल बोटांत धरून हातातूनच मारणं. बॉल उघड्या, स्थिर तळहातावर ठेवायचा, जवळजवळ सरळ वर किमान 16 सेंटिमीटर उडवायचा आणि खाली येतानाच मारायचा. 16 सेंटिमीटर म्हणजे किती? नेटची उंची 15.25 सेंटिमीटर असते, त्याहून जरासं जास्त. हा नियम उगाच केलेला नाही. बोटांत धरलेल्या बॉलला सोडतानाच स्पिन देता येते आणि समोरच्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

सर्व्हिस सुरू झाल्यापासून मारेपर्यंत बॉल टेबलाच्या पातळीच्या वर आणि आपल्या बाजूच्या शेवटच्या रेषेच्या मागे हवा. टेबलावर वाकून सर्व्हिस करणारे हे रोज मोडतात. मोकळा हात किंवा ढगळ टी-शर्टही बॉलच्या आड येता कामा नये. बॉल उडवला की हात बाजूला.

टॉस वाकडा गेला म्हणून बॉल पुन्हा झेलला, तर आपल्याकडे ‘सॉरी, परत’ म्हणून मोकळे होतात. नियमाने तो पॉइंट गेला, कारण बॉल तळहातावरून उडवला त्याच क्षणी तो खेळात आला. बॅट फिरवली आणि बॉल हुकला तरी तेच. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो: बॅट खाली ठेवा आणि नुसता टॉस करत राहा. बॉल त्याच तळहातावर परत पडू लागला की बॅट उचला.

सिंगल्समध्ये सर्व्हिस तिरकीच करावी लागते, हा सोसायट्यांमधला आवडता गैरसमज. टेबलाच्या मधली पांढरी रेघ फक्त डबल्ससाठी आहे. तिथे उजव्या अर्ध्या भागातून समोरच्याच्या उजव्या अर्ध्या भागात सर्व्हिस करायची आणि नंतर जोडीदारांनी आळीपाळीने मारायचं. सिंगल्समध्ये कुठूनही कुठेही चालते.

नेटला लागून बॉल पलीकडे नीट पडला तर लेट, म्हणजे पॉइंट नाही, सर्व्हिस परत; पण हे फक्त सर्व्हिसला. रॅलीत नेटला लागून पडलेला बॉल चालू असतो, मग तो कितीही चोरटा का असेना. लेट किती वेळा, यालाही मर्यादा नाही. तिसऱ्या लेटला पॉइंट देणं हा शुद्ध घरगुती कायदा.

पॉइंटवरून होणारी भांडणं

गेम 11 पॉइंटचा आणि सर्व्हिस दोन-दोन. 21 पॉइंट आणि पाच-पाच सर्व्हिसचा जमाना 2001 मध्येच संपला, तरी आमच्यातले काही ज्येष्ठ अजून त्यातच रमलेले असतात. 10-10 झाले की सर्व्हिस एकेक, आणि दोन पॉइंटची आघाडी मिळेपर्यंत गेम संपत नाही. सात-शून्य झालं की गेम खलास, हेही कुठल्या नियमात नाही. भलत्याच खेळाडूने सर्व्हिस केल्याचं मध्येच लक्षात आलं तर क्रम दुरुस्त करायचा. आधी झालेले पॉइंट तसेच राहतात.

समोरच्याचा फटका टेबलाबाहेर चाललाय असं वाटून लोक बॉल हातात घेतात. तो अजून टेबलाच्या वर किंवा टेबलाच्या दिशेने येत असेल तर पॉइंट तुमचाच जातो. तुमच्या बाजूला टप्पा न पडता तो मागच्या रेषेपलीकडे गेल्यावर खुशाल झेला. मोकळा हात टेबलाच्या पृष्ठभागाला लागला तरी पॉइंट जातो, ढकलून टेबल हललं तरी जातो. बॅटचा हात लागला तर मात्र हरकत नाही. त्या हाताच्या मनगटाखालच्या भागाला लागून बॉल नीट पलीकडे गेला, तर तो फटकाही वैध!

एज की साइड, यावर मात्र रक्तदाब वाढवू नका. वरच्या कडेला लागलेला बॉल चांगला, बाजूच्या उभ्या भागाला लागलेला नाही. लागल्यावर बॉल वर उसळला तर बहुतेक एज. तसाच खाली गेला तर बहुतेक साइड.

बॉल नेटमध्येच का जातो?

कारण समोरच्याने कट दिलाय आणि तुम्ही बॅट उभी धरून नुसती बॉलच्या आड धरलीत. कट म्हणजे बॅकस्पिन, उलटी फिरकी; असा बॉल बॅटला लागून खाली घसरतो. बॅट थोडी आकाशाकडे उघडा आणि बॉलच्या खालून पुढे ढकला. उलट, बॉल पंख्याकडे उडत असेल तर तो टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने फिरणारा बॉल आहे. बॅट झुकवून झाका. कट की टॉपस्पिन हे ओळखायला बॉलकडे नाही, समोरच्याच्या बॅटकडे बघा: बॉलला लागताना ती खाली जाते की वर? नवखे खेळाडू टप्पा पडेपर्यंत याचा विचारच करत नाहीत, आणि तोवर उशीर झालेला असतो.

बॅट घट्ट आवळून धरणं ही दुसरी खोड. मग मनगट फिरत नाही आणि सगळा जोर खांद्यातून येतो. टेबलाला पोट चिकटवून उभं राहिलं की लांबचा टप्पा अंगावर येतो. हातभर मागे सरका, गुडघे थोडे वाकवा.

आणि तरीही बॉल विचित्र वागतोय?

मग समोरच्याची बॅट मागून घ्या. नियमाने सामन्याआधी बॅट दाखवावी लागते, पण आपल्याला संकोच वाटतो. दोन्ही बाजूंचे रंग वेगळे असण्याची सक्तीही त्यासाठीच आहे, म्हणजे कुठल्या रबराने मारलं ते कळतं. एका बाजूला लांब दाण्यांचं, म्हणजे वर बारीक लांबट उंचवटे असलेलं रबर असेल, तर तुमचाच कट तुमच्याकडे उलटून येतो आणि तुम्ही मात्र स्वतःला दोष देत बसता. मनिका बत्रा बॅकहँडला असंच रबर वापरते, आणि मोठ्या मोठ्या खेळाडूंची त्याने तारांबळ उडाली आहे. मुंबईने हे फार आधी बघितलंय: 1952 ची जागतिक स्पर्धा इथेच झाली आणि जपानच्या हिरोजी सातोने स्पंजच्या बॅटने पुरुष एकेरी जिंकली. तोवर दाणेदार रबराचा टकटक आवाज ऐकायची सवय असलेल्यांना या मुक्या बॅटवरून काहीच उमगेना.

तुमच्या स्वतःच्या बॅटची पकड गेली असेल, तर नवीन घेण्याआधी तिच्यावरची धूळ बघा. ओल्या स्पंजने रबर पुसा, वाळू द्या, पिशवीत ठेवा. गाडीच्या डिकीत मे महिनाभर पडलेली बॅट मात्र पुसून सुधारत नाही, मी करून पाहिलंय.