टोर्नेडोचा इशारा आल्यावर या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या दुपारी आभाळ भरून आले, की आपल्याकडे माणसे अंगणात येतात. वळीव अंगावर घेण्याची आणि गारा वेचण्याची ही सवय अमेरिकेत डॅलस, ओक्लाहोमा सिटी किंवा विचिटा येथे राहायला आलेल्या मराठी कुटुंबांबरोबर येते आणि इथल्या वसंतात, म्हणजे टोर्नेडोच्या हंगामात, तीच सर्वांत घातक चूक ठरते. माझे सासरे इथल्या पहिल्याच मे महिन्यात गारा पाहायला बाल्कनीत गेले, तेव्हा टीव्हीवरच्या नकाशात आमच्या भागाभोवती लाल चौकट उमटलेली होती. त्यांना हाताला धरून आत आणत असताना लिंबाएवढी गार कठड्यावर आदळून फुटली.

टोर्नेडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला, वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ. त्याला मराठीत सर्रास ‘चक्रीवादळ’ म्हटले जाते, ही नुसती शब्दाची चूक नाही. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळाची वर्दी दोन-चार दिवस आधी मिळते. अमेरिकेच्या मध्यभागातल्या या मैदानांवर मात्र मेक्सिकोच्या आखाताकडची दमट हवा पश्चिमेच्या कोरड्या हवेला भिडून तयार झालेला ढग तासा-दोन तासांत स्वतःभोवती फिरू लागतो आणि प्रत्यक्ष इशाऱ्यानंतर हातात बऱ्याचदा पंधरा मिनिटेही नसतात.

म्हणूनच ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ यांत गल्लत करू नये. ओक्लाहोमातील नॉर्मन येथील स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर ‘वॉच’ जाहीर करते, तेव्हा वातावरण अनुकूल आहे एवढाच त्याचा अर्थ असतो आणि तयारीला वेळ असतो. ‘वॉर्निंग’ स्थानिक हवामान कार्यालय देते, तेही रडारवर फिरता ढग दिसल्यावर किंवा कोणी टोर्नेडो प्रत्यक्ष पाहिल्यावर. तेव्हा हातातले काम टाकून आडोशाला जायचे असते. बरेच जण मात्र आधी खात्री करून घेऊ पाहतात: खिडकीशी जातात, शेजाऱ्याला फोन करतात, गावातला इशाऱ्याचा भोंगा वाजण्याची वाट पाहतात. २२ मे २०११ रोजी मिसूरीतील जॉप्लिन शहरात टोर्नेडोमुळे दीडशेहून अधिक माणसे दगावली, त्यानंतरच्या सरकारी तपासात हेच आढळले, की भोंगे वाजूनही अनेकांनी दुसरी काही खूण मिळेपर्यंत आडोसा घेतला नव्हता. भोंगे मुळात घराबाहेरच्या लोकांसाठी असतात. बंद खोलीत ते ऐकू येतीलच असे नाही. शिवाय पावसाच्या पडद्याआड किंवा अंधारात टोर्नेडो दिसतही नाही. कॅन्ससमधील ग्रीन्सबर्ग गाव ४ मे २००७ रोजी रात्रीच उद्ध्वस्त झाले. भारतातून आलेल्या आईवडिलांचा फोन नुसत्या वायफायवर चालत असेल, तर त्यावर इशारा येईल यावर विसंबू नये. बॅटरीवर चालणारा, हवामानाचे इशारे ऐकवणारा वेदर रेडिओ त्यांच्या उशाशी असावा.

दुसरी मोठी चूक म्हणजे गाडी काढून पळणे. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो गावाजवळ सुमारे ४.२ किलोमीटर रुंदीचा टोर्नेडो आला, तेव्हा अकरा दिवसांपूर्वी टोर्नेडोने केलेला शेजारच्या मूर शहराचा विध्वंस पाहून धास्तावलेले लोक ओक्लाहोमा सिटीतून बाहेर पडले आणि महामार्ग तुंबले. वाटेत गाठल्यास पुलाखाली आसरा घेणे तर त्याहून वाईट, कारण तिथे वारा अडण्याऐवजी आणखी जोर धरतो आणि उडत्या ढिगाऱ्यापासून बचाव होत नाही. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात अशा तीन पुलांखाली माणसे मृत्युमुखी पडली.

हवेचा दाब समान व्हावा म्हणून खिडक्या उघडण्याचा जुना सल्ला विसरून जावा. त्यात फक्त वेळ जातो.

टेक्सास आणि ओक्लाहोमातील बहुतेक घरांना तळघर नसते. तळमजल्यावरची, घराच्या मध्यभागातली, बिनखिडकीची बाथरूम किंवा कपड्यांची खोली आधीच ठरवून तिथले सामान बाजूला करून ठेवावे. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खालच्या शेजाऱ्यांशी आजच बोलून ठेवावे. भर वादळात दार ठोठावताना संकोच आड येतो, हे आपल्या माणसांबाबत मी पाहिले आहे. मुलांची सायकलची हेल्मेट आडोशाच्या खोलीतच ठेवावीत, कारण उडून येणाऱ्या वस्तूच सर्वाधिक जीव घेतात.

आपल्या घरांत चपला-बूट दाराशी काढलेले असतात आणि सगळे अनवाणीच आडोशाला जातात. टोर्नेडो गेल्यावर बाहेर पडायची वाट काचा आणि उलट्या खिळ्यांच्या फळ्यांवरून असते. प्रत्येकाचा एक जुना, बंद बुटांचा जोड त्या खोलीत ठेवलेला असावा.