घर सोडताना डिपॉझिट सुरक्षित कसे परत घ्यावे: नागपुरातील भाडेकरूंसाठी

परीक्षा आटोपल्या आणि बदल्यांचे आदेश निघाले, की नागपुरात घरे बदलण्याचा हंगाम सुरू होतो. मिहानमधून पुण्याला बदली झालेला अभियंता असो, मेडिकल चौकाजवळ खोली घेऊन शिकलेली विद्यार्थिनी असो किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरी करणारे कुटुंब असो, घर सोडताना घरमालकाशी होणारा वाद बहुधा डिपॉझिटवरच येऊन ठेपतो. हे भांडण चावी देण्याच्या आधीच्या महिन्याभरात जिंकले किंवा हरले जाते. एकदा चावीही घरमालकाकडे आणि पैसेही घरमालकाकडे, अशी स्थिती आली की भाडेकरूच्या हातात नोटीस आणि तारखा एवढेच उरते.

सर्वप्रथम आपल्याकडे कोणता कागद आहे ते पाहावे. विदर्भात पूर्वी 1949 चा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश लागू होता आणि महाल-इतवारीतील जुनी मंडळी अजूनही ‘रेंट कंट्रोलर’कडे जाण्याची भाषा करतात, परंतु 31 मार्च 2000 पासून संपूर्ण राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जुन्या भाडेकरारांचे प्रश्न वेगळे आहेत. येथे विचार आहे तो अकरा महिने, दोन वर्षे अशा ठरावीक मुदतीच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराचा, म्हणजे भाडेपट्टा न करता घर वापरण्याची केवळ परवानगी (लायसन्स) देणाऱ्या कराराचा, कारण आज मनीषनगर, बेसा, त्रिमूर्तीनगर येथील बहुतेक घरे याच पद्धतीने दिली जातात.

अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. अधिनियमाच्या कलम 55 नुसार असा प्रत्येक करार लेखी असला पाहिजे, नोंदणीकृत असला पाहिजे आणि ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याहून महत्त्वाची बाब अशी, की नोंदणीकृत करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिले होते याविषयी भाडेकरू जे म्हणतो ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. वाटाघाटीत हा मुद्दा शांतपणे मांडला तरी पुष्कळदा सूर बदलतो.

करार नोंदणीकृत असेल तर मात्र त्यातील शब्द न् शब्द वाचावा, कारण कलम 24 च्या स्पष्टीकरणानुसार लायसन्सचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. ‘अहो, लिहिण्यापुरतं आहे, रंगाचे पैसे थोडेच घेणार आहे तुमच्याकडून,’ असे घरमालक काका करार करताना म्हणाले असतील, तरी त्या वाक्याला नंतर काही किंमत राहत नाही. नोटीस किती दिवसांची द्यायची, किमान किती महिने राहणे बंधनकारक आहे, रंगकामाचा खर्च कोणाचा आणि डिपॉझिट कोणत्या दिवशी परत मिळणार, ही चार कलमे शोधून त्यांखाली पेन्सिलीने खूण करावी. किमान मुदतीपूर्वी घर सोडल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त, अशी अट असली तरी भारतीय करार अधिनियमाच्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते. घरमालकाला पुढच्याच आठवड्यात नवा भाडेकरू मिळाला असेल, तर हा मुद्दा अवश्य मांडावा.

घर सोडण्याची सूचना लेखीच द्यावी. फोनवर सांगितले, जिन्यात भेटल्यावर सांगितले, याचा उपयोग नाही. व्हॉट्सअॅपवर संदेश पाठवावा, शक्य तर ईमेलही करावा, आणि संबंध आधीच ताणलेले असतील तर स्पीड पोस्टने पोचपावतीसह पत्र पाठवावे. पत्रात कराराची तारीख, घर रिकामे करण्याची तारीख, भरलेल्या डिपॉझिटची रक्कम आणि ती ज्या बँक खात्यात हवी त्याचा तपशील असावा, तसेच पाहणीसाठी घरमालकाला सोयीचा दिवस विचारलेला असावा.

आता सर्वाधिक वादाचा विषय, म्हणजे घराची अवस्था. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 108 भाडेपट्ट्याविषयी बोलते, परंतु त्यातील तत्त्व लायसन्सच्या वादातही मोजपट्टी म्हणून मांडता येते: घर जसे मिळाले तसे परत करायचे, मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळायची. दोन-तीन वर्षांत विटलेला रंग, कॅलेंडरच्या खिळ्याचे भोक, नळाचा झिजलेला वॉशर ही झीज होय. फुटलेले वॉश बेसिन, तुटलेली टाइल, दारावर मुलांनी कोरलेली नावे हे नुकसान होय.

या दोहोंच्या मधोमध नागपूरचा कूलर येतो. एप्रिल ते जून खिडकीत लोखंडी स्टँडवर कूलर बसवलेला असतो, बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने जाळीवर पांढरा थर साचतो, पाण्याचे थेंब खिडकीच्या चौकटीवरून भिंतीवर उतरतात, आणि दिवाळीपर्यंत तेवढ्याच पट्ट्यात रंगाचे पोपडे सुटून आतले प्लास्टर फुगलेले दिसते. घर सोडताना घरमालक नेमके तेथे बोट ठेवतात आणि पूर्ण घराच्या रंगाचा हिशेब मांडतात. माझ्या मते याचा निवाडा असा करावा: नागपुरात घर भाड्याने देणाऱ्याला खिडकीत कूलर लागणार हे ठाऊक असते, म्हणून खिडकीखालचे साधे डाग आणि गंजलेली जाळी ही झीजच आहे, परंतु कूलरची टाकी उन्हाळाभर गळत राहिली, भिंत ओली दिसत होती आणि तरीही ती दुरुस्त केली नाही, तर तो निष्काळजीपणा भाडेकरूचा, आणि त्याने तेवढ्या पट्ट्याचे प्लास्टर व रंग यांचा खर्च द्यावा. तीन खोल्यांच्या रंगाचा नव्हे. स्वतः बसवलेला स्टँड, पंखा, पडद्यांचे रॉड हे ताबा सोडण्यापूर्वीच काढून घ्यावेत आणि भोके पुट्टीने बुजवावीत. चावी दिल्यानंतर ‘स्टँड राहिला हो’ म्हणत परत जाणे अवघड होते.

सामान हलवल्यावर, रिकाम्या घराचा दिवसाच्या उजेडात एक सलग व्हिडिओ काढावा. प्रत्येक भिंत, छत, स्वयंपाकघराचा ओटा, फ्लश, सुरू करून दाखवलेले नळ आणि दिवे त्यात यावेत. ज्या मोबाइलवर तो काढला तो जपून ठेवावा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ उपकरण हाताशी असले की ते सोपे जाते.

महावितरणच्या मीटरवरील अखेरच्या रीडिंगचा फोटो त्याच दिवशी घ्यावा आणि ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी तपासावी. सब-मीटर असेल तर घरमालकासमोर आकडा लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पाण्याचे बिल वेगळे येत असेल तर तेही भरून पावती ठेवावी.

येथे एक प्रचलित सल्ला तपासून पाहिला पाहिजे. ‘पैसे बुडण्यापेक्षा शेवटच्या दोन महिन्यांचे भाडेच देऊ नका, डिपॉझिटमधून वळते होईल,’ असे शेजारीपाजारी सांगतात. घरमालकाची लेखी संमती असेल तर ही उत्तम व्यवस्था आहे. संमती नसेल तर करार तुम्ही मोडला, असे ठरते. त्याहून धोक्याचे म्हणजे डिपॉझिट मिळेपर्यंत घर अडवून बसणे. मुदत संपल्यावरही ताबा सोडला नाही तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 नुसार लायसन्स फीच्या (म्हणजे करारातील भाड्याच्या) दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, म्हणजे 12,000 रुपयांच्या घरासाठी महिन्याला 24,000 रुपये. शिवाय घर रिकामे करून घेण्यासाठी घरमालक याच अधिनियमाखालील सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि त्याचे समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत शपथपत्रासह बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही तर घरमालकाचे म्हणणे मान्य झाले असे धरले जाते. आपला हक्काचा पैसा अडकला असताना आपणच कसूरदार ठरण्यात शहाणपण नाही.

म्हणून चावी आणि रक्कम यांची देवाणघेवाण एकाच बैठकीत करावी. मोबाइलवरून रक्कम तेव्हाच हस्तांतरित होऊ शकते, त्यामुळे ‘बँकेत जाऊन पाठवतो’ ही सबब आता टिकत नाही. ते शक्य नसेल तर पुढील मजकुरावर सही घेतल्याशिवाय चावी देऊ नये, मात्र मुदतीच्या शेवटच्या दिवसाच्या बरेच आधी ही बैठक ठेवावी:

“आज दिनांक … रोजी सदर घराचा रिकामा ताबा व … चाव्या घरमालकांना दिल्या. घराची पाहणी उभयतांनी केली. डिपॉझिट रु. … मधून रु. … (कारण: …) वजा जाता उरलेले रु. … घरमालक दिनांक … पर्यंत भाडेकरूच्या बँक खात्यात जमा करतील.”

कपातीचे कारण लिहायला लावणे हा या मजकुराचा गाभा आहे. ‘इतर खर्च’ असे लिहू देऊ नये. दुरुस्तीचे बिल मागावे. सही देण्यास नकार मिळाला आणि मुदत संपत आली, तर चावी साक्षीदारासमोर द्यावी, त्याचा फोटो काढावा आणि हाच मजकूर त्याच संध्याकाळी संदेशाने पाठवावा.

काही घरमालक मुदतीपूर्वीच पाणी किंवा वीज तोडतात, कुलूप बदलतात किंवा सामान अडवून ठेवतात. आवश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडण्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 29 ने मनाई केली आहे. लायसन्सधारकाला हे कलम लागू होत नाही असा युक्तिवाद समोरून होऊ शकतो, म्हणून सोबत दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूमही मागावा. लायसन्स रद्द झाले तरी घर सोडण्यास आणि सामान नेण्यास वाजवी वेळ मिळण्याचा हक्क भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 63 ने दिला आहे. धमकी किंवा कुलूपबंदी झाल्यास पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. केवळ डिपॉझिटसाठी मात्र ठाण्याच्या पायऱ्या झिजवू नयेत; हा दिवाणी वाद आहे, असे सांगून तेथून परत पाठवतात, आणि साध्या घरभाड्याचा वाद सहसा ग्राहक आयोगाच्या कक्षेतही बसत नाही.

ठरलेली तारीख उलटली की नोटीस पाठवावी, आणि त्यात रकमेवर व्याजही मागणार असल्याचे स्पष्ट लिहावे. व्याज अधिनियम, 1978 नुसार अशी लेखी सूचना दिल्याच्या तारखेपासून न्यायालय व्याज देऊ शकते. हे वाक्य गाळले तर तेवढ्या काळाचे व्याज मागणे कठीण होते. दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, पण ‘पुढच्या महिन्यात देतो’ या आश्वासनांवर ती सरू देऊ नये.

दाव्यापूर्वी सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, वाद लोकअदालतीत तडजोडीसाठी ठेवावा म्हणून, दाखलपूर्व प्रकरणाचा अर्ज करावा. लोकअदालतीसाठी न्यायालयीन शुल्क लागत नाही; महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकीलही मिळतो, आणि 15100 या क्रमांकावर प्राथमिक माहिती मिळते. तेथे तडजोड झाल्यास तिचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो व त्यावर अपील करता येत नाही. ही अट दोन्ही पक्षांना बांधते, त्यामुळे रक्कम, हप्ते असल्यास त्यांच्या तारखा आणि हप्ता चुकल्यास काय, हे तिन्ही निवाड्यात उतरले आहे याची खात्री करूनच सही करावी.