स्पोर्ट्स कारचा मागचा ड्राइव्हट्रेन जोडताना या चुका टाळा

रिअर व्हील ड्राइव्ह गाडीची मागची बाजू घरीच खोलणारे आता बरेच झालेत आणि ते चांगलंच आहे, कारण स्वतःच्या हाताने डिफ (डिफरन्शिअल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा खोका) बाहेर काढल्याशिवाय गाडी कळत नाही असं माझं मत आहे. पण त्याच त्या चुका बघून वैताग येतो. खोलायला लोक निवांत वेळ घेतात, एकेक बोल्ट धुऊन पुसून पिशवीत ठेवतात, सबफ्रेम (डिफ आणि सस्पेन्शन धरणारी चौकट) रंगवून आणतात, आणि जोडायची वेळ आली की सगळं एका रविवारी उरकून संध्याकाळी चक्कर मारायची असते. नुकसान होतं ते त्या रविवारी.

रबरी बुश गाडी हवेत असतानाच आवळणं

ही चूक मी सगळ्यात जास्त बघितलीये. कंट्रोल आर्म म्हणजे चाकाला चौकटीशी जोडणारा दांडा, त्याच्या सांध्यातल्या रबरी बुशमध्ये आतली नळी आणि बाहेरची नळी यांना रबर पक्कं चिकटवलेलं असतं, तिथे काहीच फिरत नाही, आर्म वर-खाली झाला की फक्त रबर पिळतं. बोल्ट टाईट केला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जाम. आता गाडी स्टँडवर आहे, चाकं खाली लोंबतायत, आणि त्याच स्थितीत तुम्ही सगळे बोल्ट टॉर्क करून (ठरलेल्या जोराने आवळून) मोकळे झालात, तर गाडी खाली उतरवल्यावर आर्म वर जाणार आणि ते रबर पिळून ठेवलेल्या टॉवेलसारखं कायम पिळलेलंच राहणार, गाडी उभी असली तरी.

ओळखीतल्या एकाची पहिल्या पिढीची माझदा मियाटा होती, १९८९ साली आलेलं ते मॉडेल. त्याने मागचे सगळे बुश नवीन बसवले, काम अगदी स्वच्छ केलं होतं. तरी गाडी मागून उंच दिसायला लागली. स्प्रिंग चुकीच्या आल्या म्हणून त्याने स्प्रिंग बदलल्या, मग शॉकअप बदलले, व्हील अलाइनमेंट करून आणलं तरी दोन आठवड्यांत गाडी परत खेचायची. शेवटी मला बघायला बोलावलं. मी गाडी चारही चाकांवर रॅम्पवर घेतली आणि खाली शिरून आर्मचे आतले बोल्ट एकेक करून ढिले केले. प्रत्येक बोल्ट सुटताना 'कट्ट' असा आवाज यायचा आणि मागची बाजू थोडी खाली बसायची, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. तोपर्यंत दोन बुशचं रबर नळीपासून फाटून सुटलं होतं, म्हणजे तेही परत नवीन. एवढा खर्च आणि मनस्ताप, आणि स्प्रिंगचा काही संबंधच नव्हता.

माझी सवय अशी की सगळे बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर घ्यायची, मागून दाबून हलवायची, थोडी पुढे-मागे ढकलायची आणि मगच टॉर्क रेंच हातात घ्यायचा. खाली शिरायला जागा नसेल तर खोलायच्या आधीच हबच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा आणि हबखाली जॅक लावून तेवढंच अंतर आणून आवळा, फक्त गाडी स्टँडवरून उचलली जात नाहीये ना ते बघत राहा. फायनल झालेल्या बोल्टवर मी पिवळ्या पेंटची रेघ मारतो, रेघ नाही म्हणजे टॉर्क नाही, डोक्यात लक्षात ठेवायच्या भानगडीत पडायचं नाही. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर ते नळीभोवती फिरतात, त्यांना हा नियम लागत नाही, पण त्यांना त्यांचंच ग्रीस भरपूर लावा नाहीतर वर्षभर कुरकुर ऐकत बसाल.

पिनियनचा नट इम्पॅक्ट गनने आवळणं

पिनियन म्हणजे डिफमधला छोटा गिअर, त्याचा ऑईल सील गळतोय म्हणून नट काढला, सील बदलला, गनने नट परत ठोकला, काम झालं. नाही झालं. बऱ्याच डिफमध्ये पिनियनच्या दोन बेअरिंगच्या मध्ये एक क्रश स्लीव्ह (दबणारी नळी) असतो, नट आवळत गेलं की तो दबत जातो आणि त्यावर बेअरिंगचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच ठेवलेला दाब) ठरतो. गन काही क्षणात तो हवा त्यापेक्षा जास्त दाबते आणि एकदा दबलेला स्लीव्ह परत उघडत नाही. मग लोक काय करतात तर नट अर्धा फेरा मागे घेतात! आता पिनियनला प्रीलोडच नाही, तो पुढे-मागे हलणार आणि क्राउनचे, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरचे, दात खाणार. आणि जास्त टाईट तसाच ठेवला तर बेअरिंग तापून निळं पडतं आणि ठराविक स्पीडला एक बारीक हुंकार सुरू होतो, तो काही केल्या जात नाही.

इथे नटचा टॉर्क बघायचा नसतो, पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते बघायचं असतं. नुसता सील बदलायचा असेल तर खोलायच्या आधी दोन्ही हाफशाफ्ट (डिफपासून चाकांपर्यंतचे) आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा) सोडवून काट्याच्या छोट्या टॉर्क रेंचने तो जोर मोजा, नट, फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जोडायची चकती) आणि पिनियनच्या शाफ्टवर एका रेषेत पंचने खूण करा, जोडताना लांब हँडलने थोडं थोडं आवळत खुणेवर या आणि दर वेळी परत मोजा. बेअरिंग नवीन असतील तर स्लीव्हही नवीन, जुना वापरायचा नाही, यावर चर्चा नको. नवीन बेअरिंगचा आकडा जुन्यापेक्षा जास्त असतो, मॅन्युअलमध्ये दोन्ही वेगळे दिलेले असतात, नीट वाचा.

क्राउन-पिनियन हलवलं असेल तर बॅकलॅश (दोघांच्या दातांमधली ढिलाई) डायल गेजनेच बघा, हाताने हलवून "बरोबर वाटतंय" चालत नाही. बहुतेक गाड्यांत तो ०.१ ते ०.२ मिलीमीटरच्या आसपास असतो, हाताला तो फरक कळत नाही. क्राउनवर चार ठिकाणी मोजा. दातांना मार्किंग पेस्ट लावून घासाची खूणही बघा, खूण दाताच्या मुळाशी सरकली तर पिनियन जास्त आत आहे, टोकाशी आली तर बाहेर. आणि क्राउन धरणाऱ्या साइड बेअरिंगच्या कॅपवर खोलतानाच डावी-उजवी खूण करा, त्या अदलाबदल करायच्या नसतात.

बाकीच्या

प्रोपेलर शाफ्ट आणि डिफच्या फ्लँजवर खूण न करता खोलणं. मग थरथर सुरू झाली की टायरला दोष. दोन तुकड्यांचा शाफ्ट स्प्लाइनमधून (खाचांच्या जोडातून) ओढून काढला असेल तर दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे दुफाटे) एका रेषेत आले पाहिजेत.

मियाटात गिअरबॉक्स आणि डिफ यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब फ्रेम आहे, ती काढली की गिअरबॉक्सची मागची बाजू खाली झुकते. तशीच झुकलेली असताना बोल्ट आवळले तर शाफ्टचा अँगल चुकतो. आधी गिअरबॉक्सखाली जॅक लावून मॅन्युअलमधली उंची आणा.

पावडर कोटिंग. दिसायला छान, पण बोल्टच्या डोक्याखाली आणि माउंटिंगच्या जागी जाड थर राहिला तर तो चालवताना दबतो आणि बोल्ट ढिले पडतात. त्या जागा खरवडून धातू उघडा करा. डिफचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं छिद्र) रंगाने बुजलाय का तेही बघा, ऑईल तापून आत प्रेशर झालं की नवा कोरा सीलसुद्धा गळतो.

हबचा मोठा नट जुनाच परत लावू नका. नवीन घ्या, टॉर्क करा आणि त्याची कॉलर शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवा. पहिल्या मियाटात हा टॉर्क २०० न्यूटन मीटरच्या वर आहे, साध्या पान्याने अंदाजाने होत नाही. नट ढिला असताना चाकावर वजन देऊन गाडी ढकलली तर बेअरिंग खराब होऊ शकतं, त्यामुळे कोणालातरी ब्रेक दाबून बसवा आणि आवळा.

हाफशाफ्टच्या टोकाची सर्क्लिप (शाफ्ट आत अडकवून ठेवणारी कडी) नवीन. आत ढकलल्यावर 'टक्' झालं तरी एकदा जॉइंट धरून बाहेर ओढून बघा, बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) धरून ओढू नका.

जॅग्वार ई-टाइपवाल्यांनी हे जपा, तिथे मागच्या डिस्क डिफला चिकटून आत असतात. डिफचा आउटपुट सील गळला तर ऑईल सरळ ब्रेकवर. पूर्ण केज (डिफ आणि ब्रेक धरणारी चौकट) गाडीत चढवायच्या आधी सील, कॅलिपर आणि हँडब्रेक बाकावरच तपासा, वर चढल्यावर तिथे हात पोचत नाही.

ऑईल: हायपॉइड डिफला (ज्यात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून सरकवलेला असतो) जीएल-५ ग्रेडचं. क्लच प्लेटवालं एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफ, एकच चाक नुसतं फिरू न देणारं) असेल तर फ्रिक्शन मॉडिफायर (ऑईलमध्ये घालायचं, घर्षण बदलणारं द्रव्य) लागतं, नाहीतर वळताना कडकड करतं. टॉर्सेनला (क्लच प्लेटऐवजी गिअरवर चालणारं एलएसडी) ते लागत नाही. आणि काहीही खोलायच्या आधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा. रिकामं डिफ आणि जाम झालेला वरचा प्लग अशी गाडी टो करून न्यावी लागते.

सगळं जोडून झालं की पहिले काही किलोमीटर हळू चालवा, थांबून डिफच्या खोक्याला जपून हात लावून बघा, कोमट चालतं, हात ठेववत नसेल तर गाडी तिथेच बंद करा. साधारण १०० किलोमीटरनंतर शाफ्टचे आणि सबफ्रेमचे बोल्ट परत टॉर्क करा. नवीन क्राउन-पिनियन असेल तर ८०० किलोमीटरच्या आसपास ऑईल बदला आणि प्लगच्या मॅग्नेटवर काय चिकटलंय ते बोटावर घेऊन बघा, राखाडी मऊ पेस्ट असेल तर ठीक, टोचणारे तुकडे असतील तर डिफ परत बाहेर काढा.