खान्देशातून पोलीस महासंचालकपदाकडे: आधी वयाचं गणित मांडा

राज्याच्या पोलीस दलाचं प्रमुखपद गाठायचं असेल तर पुस्तक उघडण्याआधी स्वतःची जन्मतारीख कागदावर लिहा.

पोलीस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंह खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार राज्याने पाठवलेल्या ज्येष्ठ आयपीएस अधिकाऱ्यांतून यूपीएससी तीन नावांची यादी करते आणि त्यातलं एक राज्य सरकार निवडतं. यादीत येण्यासाठी साधारण ३० वर्षांची सेवा लागते आणि निवृत्तीला किमान ६ महिने उरलेले लागतात. निवृत्ती ६० व्या वर्षी. म्हणजे सेवेत रुजू होताना वय साडेएकोणतीसच्या आत हवं. परीक्षा, निकाल, रुजू होणं यात वर्ष-दीड वर्ष जातं, म्हणून २८ च्या आत परीक्षा द्या. खरं तर २४-२५ धरा, कारण यादीत ज्येष्ठता पाहतात आणि तुमच्या पुढे आधीच्या तुकड्या उभ्या असतात.

परीक्षेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३२, ओबीसींना ३५ आणि अनुसूचित जाती-जमातींना ३७ आहे. अक्कलकुवा-धडगावकडच्या आदिवासी मुलांनी हे नीट समजून घ्यावं: सवलतीमुळे आयपीएस होता येतं, महासंचालकपदाचं गणित मात्र सैल होत नाही. एमपीएससीतून उपअधीक्षक होऊन पदोन्नतीने आयपीएस मिळतं, पण त्यात वर्षं जातात. तिथून या खुर्चीपर्यंत पोचणं फार अवघड. शिपाई भरती होऊन पगार सुरू करणं यात काहीच कमी नाही. फक्त यूपीएससीचा अर्ज भरताना कार्यालयाला लेखी कळवा.

मराठी माध्यमाची मुलं बहुतेकदा दोन ठिकाणी अडकतात. मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, मुलाखतही मराठीत देता येते. पण पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीतच असते आणि सीसॅटमध्ये, म्हणजे तिच्या कलचाचणीच्या पेपरात, २०० पैकी ६६ गुण लागतात. दुसरा अडथळा अनिवार्य इंग्रजीचा पेपर: ३०० पैकी ७५ गुण. तिथे नापास झालात तर बाकीचे पेपर गुणवत्तेसाठी तपासलेच जात नाहीत. रोज इंग्रजीचं एक पान सारांशासह लिहा.

शारीरिक निकष: पुरुषांची उंची १६५ सेंमी, महिलांची १५०, अनुसूचित जमातींना १६० आणि १४५. पुरुषांची छाती फुगवून ८४ सेंमी, फुगवटा ५ सेंमी. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडचं ऊन धावायला घातक, म्हणून पहाटेच पळा.

कागदपत्रांत ओबीसी उमेदवार हमखास चुकतात. केंद्राच्या नमुन्यातलंच प्रमाणपत्र लागतं, राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही. तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही आधी पाहा. आंदोलनात गुन्हा दाखल झाला असेल तर साक्षांकन नमुन्यात (नेमणुकीआधी स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म) खरं लिहा. बऱ्याचदा मूळ गुन्ह्यापेक्षा तो लपवल्यानेच उमेदवारी जाते.

सविस्तर अर्जात गृहराज्य हवं असं नोंदवा. तरीही महाराष्ट्र केडर (नोकरीसाठी ठरवून दिलेलं राज्य) मिळेलच असं नाही. दुसरं राज्य मिळालं तर तिथलेच महासंचालक व्हाल, म्हणून तिथली भाषा मनापासून शिका.

पुढे अधीक्षक, मग साधारण १४ वर्षांनी उपमहानिरीक्षक, १८ ला महानिरीक्षक आणि २५ ला अपर महासंचालक. दरवर्षीचा कामगिरी अहवाल मुदतीत भरा आणि शेरा चुकीचा वाटला तर मुदतीतच लेखी हरकत घ्या. यादी करताना हीच कागदं पुढ्यात येतात, चौकशी प्रलंबित असेल तर तीही.