पुराचे चित्रण वृत्तपत्राला कसे पाठवावे?
२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण वेढले, तेव्हा शहरातील अनेक दृश्ये नागरिकांच्याच मोबाइलमधून बाहेर पोहोचली. अशा वेळी वार्ताहराचे काम बदलते. आलेले चित्रण आजचे की जुने, हे पडताळण्यातच त्याचा बराच वेळ जातो. तो वाचवणे आपल्या हाती आहे.

उंच, सुरक्षित जागी उभे राहून पुलाचा कठडा, देवळाचा कळस किंवा एसटी स्थानकाची पाटी अशी ओळखीची खूण चौकटीत घ्यावी आणि गावाचे नाव, तारीख व वेळ स्वतःच्या आवाजात सांगावी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोचा दर्जा घटतो व त्यातील वेळ-स्थळाची मूळ नोंद निघून जाते. म्हणून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा आणि मूळ फाइल फोनमध्ये जपून ठेवावी. संगीत किंवा काटछाट नको. पाहिलेले व ऐकलेले वेगवेगळे लिहावे. पाणी किती फूट चढले याच्या अंदाजापेक्षा ते बाजारपेठेतल्या कोणत्या पायरीला लागले, हे सांगणे मला अधिक विश्वासार्ह वाटते. मृतांचे चेहरे मात्र कोणत्याही कारणाने पाठवू नयेत. छापून आलेल्या तपशिलात चूक आढळल्यास संपादकांना त्याच दिवशी लेखी कळवावे.